तेरावा फर्मा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण, व्यवसाय कादंबरीलेखन आणि त्याच्या बरोबरीने छत्तीस वर्षे संसार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, सकाळच्या भरपूर उजेडात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाले, तेव्हा मी दोनवर येऊन थांबले आणि आता पुढे काय करू, असे त्यांनाच विचारले. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तसा प्रयत्न माझ्या मुलाने केला होता, पण तो लहानपणापासून हट्टात कच्चा आहे.

मृत्युपत्रात विशेषणे घालू नयेत आणि कोणाची उणीदुणी काढू नयेत, असे वकीलसाहेबांनी मला बजावले आहे. पहिली सूचना मी जमेल तितकी पाळीन.

कलम पहिले. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि सज्जा हे माझे घर. यजमान गेल्यावर मी ते पुस्तकांच्या उत्पन्नातून घेतले आणि दारावरच्या पाटीचे खिळे स्वतः ठोकले. हे घर माझ्या पश्चात माझ्या सुनेचे. मुलाचे नव्हे. मुलगा दातांचा डॉक्टर आहे, त्याचे बरे चालले आहे. सून बारा वर्षे त्याच्याच दवाखान्यात लोकांना नंबर देते, घरी आली की स्वयंपाकाला लागते, आणि ती जिथे बसेल तिथून कोणीतरी तिला पाच मिनिटांत उठवते. माझी अट एकच : आठवड्यातून एक दुपार तिने इथे एकटीने यावे. येताना नवरा, मुलगी, निवडायची भाजी आणि दवाखान्याची वही यांपैकी काहीही आणू नये. "पण आई, मी तिथे करू काय?" असे तिने मला विचारले. मी म्हटले, "ते कळायलाच दोनचार महिने जातील बघ."

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते नातीचे. शिकायला. शिकायचा कंटाळा आला तर भटकायला. कारण विचारू नये.

कलम तिसरे. इस्त्रीचे टेबल. एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. हे टेबल कोणाला द्यावे ते ठरत नाही, पण ते काय आहे हे लिहून ठेवणे जरूर आहे, कारण त्याविषयी छापील कागदावर बरेच भलतेसलते लिहिले गेले आहे.

माझी पहिली कादंबरी मी या टेबलावर, उभ्याने लिहिली. यजमानांचे पाच शर्ट इस्त्री करायला मला वीस मिनिटे लागत. घरात मी चाळीस सांगत असे. ही लबाडी मी चार वर्षे रोज केली आणि तिच्याबद्दल मला तिळमात्र खेद नाही. इस्त्री चालू असताना त्या खोलीत कोणी फिरकत नसे, कारण जो येई त्याच्या हातात मी घड्या घालायला कपडे देत असे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी कादंबरी छापून आली. तिच्यातली बाई रोज इस्त्री करते आणि घराबाहेर पडण्याची स्वप्ने पाहते. पुढे एका प्राध्यापकांनी तिच्यावर प्रबंध लिहिला, आणि हे टेबल म्हणजे स्त्रीच्या सपाट केल्या गेलेल्या अस्तित्वाचे प्रतीक आहे असे त्यात सिद्ध केले. मला तसे मुळीच म्हणायचे नव्हते. टेबल सपाट असते, नाहीतर शर्टाला सुरकुत्या पडतात.

टेबल नातीला द्यावे. तिच्याकडे इस्त्री करण्यासारखे कपडे नाहीत, म्हणून ती ते चांगले वापरेल.

कलम चौथे. यजमानांचे घड्याळ, चष्मा, छत्री आणि त्यांनी व्यवस्थित लावून ठेवलेले सर्व दाखले मुलाने न्यावेत. मुलाची समजूत अशी की मी या कागदात त्याच्या वडिलांची अब्रू काढणार आहे. तर इथे स्पष्ट लिहिते : ते वाईट नव्हते. त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण छत्तीस वर्षांत त्यांनी मला असा एकही प्रश्न विचारला नाही ज्याचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक नव्हते. कादंबरी मात्र त्यांनी एका बैठकीत वाचली आणि शेवटचे पान मिटून म्हणाले, "बरं झालं, गेली नाही ती. मी घाबरलोच होतो." मग ते शांतपणे जेवायला बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि मी ताटावरून उठले होते. का, ते सहाव्या कलमात येईल.

कलम पाचवे. माझ्या वन्सं आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या असून ठणठणीत आहेत. कादंबरी आली त्याच महिन्यात त्यांनी मला एक जाडजूड ग्रंथ भेट दिला. आदर्श गृहिणीने पडदे कसे धुवावेत, पाहुण्यांशी कसे हसावे आणि नवरा दमून आल्यावर काय बोलू नये, असे सगळे त्यात असल्याचे वेष्टणावरच छापले होते. "तुझं झालं लिहून, आता जरा वाच," असे त्या चारचौघांत म्हणाल्या. त्या ग्रंथाचे नाव इथे लिहून मी त्याला जास्त आयुष्य देणार नाही. ही प्रत वन्संना साभार परत करावी. तिचा कणा मी काढून घेतला आहे. बाकी मजकूर जसाच्या तसा आहे, कारण तो मी कधी उघडला नाही.

कलम सहावे. आता मुख्य गोष्ट.

पुस्तक एकेका पानाने छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पृष्ठे छापतात, त्याची घडी घालतात, आणि त्या घडीला फर्मा म्हणतात. फर्मे क्रमाने रचून शिवले की पुस्तक होते. माझी कादंबरी तेरा फर्म्यांची होती, म्हणजे दोनशे आठ पृष्ठांची. बाजारात आली ती बारा फर्म्यांची. एकशे ब्याण्णवाव्या पृष्ठाच्या तळाशी शेवटचे वाक्य होते, "तिने कडीवर हात ठेवला." त्यापुढे पुठ्ठा.

मी प्रकाशकांकडे धावले. (हे थोरले. आता त्यांचा मुलगा गादीवर आहे.) ते म्हणाले, "बाई, फर्मा राहिला खरा. बाइंडिंगवाल्यांचा घोळ. पण खरं सांगू? शेवट झकास झालाय!" तोवर वर्तमानपत्रात परीक्षण आले होते. कडीवर थबकलेला तो हात म्हणजे स्त्रीच्या मुक्तीच्या आकांक्षेची आणि तिच्या अशक्यतेची अजोड प्रतिमा आहे, असे त्यात होते. एका महिन्यात सगळे गाव तो हात घेऊन बसले. छापखान्याने माझे हस्तलिखित केव्हाच रद्दीत काढले होते. मी पुन्हा लिहू शकले असते. लिहिले नाही, कारण घरात यजमान शांत होते, आणि त्या शांततेपोटी मला दुसरी कादंबरी लिहायची मोकळीक मिळाली, तीही दिवसाउजेडी, बसून. सोळा पृष्ठे देऊन मी खुर्ची घेतली. सौदा माझा मीच केला. त्यात दुसऱ्या कोणाला दोष नाही.

त्या बाईचे पुढे काय होते? ती दार उघडते आणि जाते, इतके साधे आहे. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या खोलीत पडदे भिजत घालते, कारण तिने एका नाट्यगृहाचे पडदे धुण्याचे काम धरलेले असते. सोळा पृष्ठे ती काम करते, भाव करते, एकदा फसते, एकीला हाताखाली घेते, आणि दुपारी वीस मिनिटे आपले धुलाईचे दुकान बंद करून पायरीवर नुसती बसते. ती मरत नाही, वेडी होत नाही, परत येत नाही. कोणी तिला शिक्षा करत नाही. माझ्या माहितीतल्या त्या काळच्या कुठल्याच कादंबरीतल्या बाईला हे जमले नव्हते. आणि नेमकी तीच सोळा पृष्ठे गेली.

ती कुठे गेली हे मला सव्वीस वर्षांनी कळले. यजमान गेल्यावर मी या घरात सामान हलवले. हमालाच्या हातून वन्संचा ग्रंथ जिन्यावर पडला आणि त्याचा कणा उसवला. आतून खळीने चिकटवलेली कागदाची उभी पट्टी बाहेर आली. मजबुतीसाठी बाइंडर कण्याच्या आत रद्दी कागदाची पट्टी चिकटवतात. त्या पट्टीवर छापले होते : "...पायरीवर बस..." आणि खाली "...कोणी हाक मार...". मी जिन्यातच बसले. हमाल म्हणाला, "काय झालं बाई, फार जुनं होतं का?"

पट्टी घेऊन मी बाइंडिंगच्या कारखान्यात गेले. तिथे त्या वेळी लागलेली एकच बाई उरली होती. तिला सगळे बाइंडरबाई म्हणतात, मीही म्हणते. तिने पट्टी पाहिली, खळीचे हात पुसले आणि खाली बसली.

"मीच ती," ती म्हणाली. "कारखान्यात सगळे फर्मे मोजायचे. वाचायला येणारी मी एकटी. मी तुमचा बारावा फर्मा वाचला. 'कडीवर हात ठेवला.' मला रडूच आलं हो. वाटलं, संपलं पुस्तक. तेरावा गठ्ठा उघडला तर काय, पडदे भिजत घातलेले! म्हटलं हा शेजारच्या टेबलावर बांधत होते त्या गृहिणीच्या पुस्तकाचा चुकार फर्मा इकडे आलाय. तिकडे विचारलं तर ते म्हणाले, आमचे पुरेत, जादा असेल तर रद्दीत टाक. मग चिरून पट्ट्या केल्या आणि त्यांच्याच कण्यात घातल्या. नुसते आकडे मोजले असते तर चुकले नसते. वाचलं, म्हणून चुकले."

तेव्हापासून आमची मैत्री आहे. प्रत्येक पान उभे चिरून चार पट्ट्या, म्हणजे सोळा पृष्ठांच्या आठ पानांच्या बत्तीस पट्ट्या, आणि आदर्श गृहिणीच्या एकेका प्रतीच्या पाठीत एकेक. आम्ही दोघी जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालू लागलो. दिसेल ती प्रत मी घेत असे. दुकानदार एकदा कळवळून म्हणाला, "आजी, इतक्या वेळा वाचलंत, तरी अजून संसार जमेना का?" घरी आणून आम्ही कणे वाफेवर धरायचो, खळ सुटली की पट्टी अलगद काढायची आणि काचेखाली वाळवायची. एकच पट्टी एकोणीस वेळा निघाली. एकशे त्रेचाळीस आदर्श गृहिणींचे कणे काढल्यावर, अकराव्या वर्षी, बत्तिसावी पट्टी मिळाली. बाइंडरबाईने सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून तेरावा फर्मा पुन्हा घडीत आणला.

त्यालाही दहा वर्षे होऊन गेली. फर्मा माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात आहे. मी तो छापला नाही. त्याचे कारण लिहायला लाज वाटते, पण लिहिते : कडीवरच्या त्या हाताने मला मानपत्रे दिली, शाली दिल्या, पाठ्यपुस्तकात जागा दिली. सभांमध्ये लोक त्या हाताविषयी बोलत आणि मी मान डोलवत असे. मला त्याची चटक लागली होती. यजमानांची भीती गेली, तर ही दुसरी आली.

कलम सातवे. प्राध्यापकसाहेबांनी 'कडी : एक प्रतीकशोध' या आपल्या प्रबंधासाठी आमच्या जुन्या घराची मूळ कडी मागितली होती. ती देता येत नाही, कारण दाराला कडी नव्हती. ती मोडली होती आणि यजमान दरवर्षी नवी बसवणार होते. आम्ही दार सुतळीने बांधत असू. सुतळी त्यांना द्यावी.

कलम आठवे. ~~पहिल्या कादंबरीचे सर्व हक्क, प्रकाशकांशी असलेला करार संपल्यामुळे, आता माझ्याकडे आहेत. ते मी माझ्या सुनेला देते. माझ्या मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत तिने तेराव्या फर्म्यासह संपूर्ण कादंबरी प्रसिद्ध करावी. मुलाने त्यास हरकत घेऊ नये.~~

(वरील मजकूर मी खोडला आहे. खोडणे माझ्याच हातचे आहे. पुढचा मजकूर दोन महिने आणि चार दिवसांनंतरचा असून शाई वेगळी आहे.)

कारण असे घडले. साक्षीदार म्हणून बाइंडरबाई आणि खालच्या दुकानातले घड्याळजी वर आले होते. वकीलसाहेब मृत्युपत्र मोठ्याने वाचत होते. आठवे कलम संपले, तशी बाइंडरबाई म्हणाली, "म्हणजे तुम्ही मेल्याशिवाय तुमची ती पुस्तकातली बाई घराबाहेर पडायची नाही, असंच ना?"

वकीलसाहेबांनी तिला गप्प राहायची खूण केली. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"सत्तेचाळीस वर्षं बिचारी दारात उभी आहे," ती मला म्हणाली. "माझ्यामुळे उभी राहिली, ते मी कबूल करते. आता कुणामुळे उभी आहे?"

घड्याळजी नाकावरचा चष्मा पुसू लागले. मला आधी राग आला, मग हसू आले, आणि मग इतके रडू आले की वकीलसाहेबांनी पाणी आणले. पाणी पिऊन मी सही न करता पेन मिटले, खण उघडला, फर्मा पिशवीत घातला आणि बाइंडरबाईला म्हटले, "चल. छापखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

धाकट्या प्रकाशकांना मी आधी विचारले, रीत म्हणून. ते म्हणाले, "आजी, लोकांना कडीवरचा हात हवाय. पडदे धुणारी बाई कोण वाचणार?" मी म्हटले, "पडदे धुणाऱ्या." मग स्वतःच छापले. बाइंडिंग बाइंडरबाईने केले. या खेपेला तिने फर्मे दोनदा मोजले आणि एक अक्षर वाचले नाही.

प्रकाशन वाचनालयाच्या सभागृहात झाले. मी उभी राहून सोळाच्या सोळा पृष्ठे वाचली. मध्ये पाणी प्यायले नाही. वाचून झाल्यावर प्राध्यापकसाहेब काठी टेकत उठले. ते म्हणाले, "बाई, मग माझ्या प्रबंधाचं काय?" मी म्हटले, "बाराव्या फर्म्यापर्यंत तो बरोबर आहे, सर." सगळे हसले. ते जरा उशिरा हसले, पण हसले, आणि त्यांनी प्रत विकत घेतली. म्हणून सातव्या कलमातली सुतळी मी रद्द करते. एक परिचारिका कामावरच्या कपड्यांतच आली होती. ती म्हणाली, "शाळेत मी याच शेवटावर निबंध लिहिला होता. बाईचं स्वातंत्र्य म्हणजे मृगजळ, असं. दहापैकी नऊ मिळाले होते. आता ते परत कुठे करायचे?" तिला मी घट्ट मिठी मारली. इतकी घट्ट की तिने सवयीने माझी नाडी पाहिली.

मुलगा सभेला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी तो इथे आला. सज्जात बसून त्याने तेरावा फर्मा वाचला. मी चहा ठेवला. सगळ्या सभागृहापेक्षा मला या एका वाचकाची धास्ती होती. वाचून झाल्यावर त्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवले.

"आई," तो म्हणाला, "यात बाबा कुठेच नाहीत."

"नाहीत रे."

"मला वाटलं होतं, तू त्यांच्यावर सगळं काढलं असशील. राग, बोलणी. मी त्याच तयारीनं आलो होतो."

"तिला वेळ कुठे होता? सोळा पानं तिच्या हाताला काम होतं."

तो हसला, मग त्याचे डोळे भरले. जाताना दारात थांबून त्याने विचारले, "तुला जायचं होतं का गं, तेव्हा?" इतक्या वर्षांत या घराण्यातल्या पुरुषाने मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. उत्तर मी त्याला दिले. ते इथे लिहायचे कारण नाही, ते त्याला मिळाले आहे.

कलम आठवे, नव्याने. कादंबरीचे हक्क सुनेचे. तिने ती हवी तेव्हा, हवी तशी छापावी, पण एकशे ब्याण्णव पृष्ठांची पुन्हा कधीही नाही. पाठ्यपुस्तकवाल्यांना जुना शेवटच हवा असेल तर त्यांना नम्रपणे दुसरे पुस्तक सुचवावे.

कलम नववे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असा कायदा आहे म्हणे. म्हणून बाइंडरबाईला द्यायचे ते मी हयातीतच दिले : बत्तीस पट्ट्यांचा चिकटवलेला मूळ फर्मा. तिने तो घरी भिंतीवर लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, "ही माझी चूक."

कलम दहावे. 'अंतिम इच्छा' असा मथळा पेन्सिलीने लिहून वकीलसाहेबांनी खाली चार ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत. पद्धत आहे, काहीतरी लिहाच, म्हणाले. मी खूप विचार केला. त्या ओळी रिकाम्याच राहू द्याव्यात. ती इच्छा आता पुस्तकांच्या दुकानात मिळते. पृष्ठे दोनशे आठ.

हे सर्व मी वाचून, समजून आणि आनंदाने लिहिले असून दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

सही : (लेखिका.)

साक्षीदार पहिली : बाइंडरबाई, वय एकोणसत्तर, बाइंडिंग कारखाना. सगळी कलमे मोजली. दहा भरली.

साक्षीदार दुसरे : घड्याळजी, तळमजला. सही झाली तेव्हा अकरा वाजून सात मिनिटे झाली होती.

स्थळ : माझे घर, वरचा मजला.

वार व दिनांक : गुरुवार, तारीख एकोणीस, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून नववा दिवस.